डायरेक्ट नंबरवर केलेला फोन रिसेप्शनलाच का वाजतो? डीआयडीची बिघाडशोधणी

तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात येते: ‘माझ्या डायरेक्ट नंबरवर फोन केला की रिसेप्शनला वाजतो.’ हे ऐकल्या ऐकल्या पीबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज) उघडून बसू नका. आधी नेमकं काय होतंय ते विचारा, कारण ‘फोन लागत नाही’ एवढ्या शब्दांत लोक निरनिराळी दुखणी घेऊन येतात. मला पुन्हा पुन्हा भेटलेली लक्षणं अशी:

- सगळेच डायरेक्ट नंबर रिसेप्शनवर किंवा ‘विक्रीसाठी एक दाबा’वाल्या रेकॉर्डिंगवर जातात.
- एखाददुसराच नंबर तसा जातो, बाकीचे ठणठणीत.
- फोन करणाऱ्याला ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ ऐकू येतं, आपल्याकडे काहीच वाजत नाही.
- भलत्याच टेबलावर वाजतो.
- तोच नंबर, तोच दिवस. कधी बरोबर लागतो, कधी नाही.
- एका नेटवर्कच्या मोबाइलवरून लागतो, दुसऱ्याच्या नाही.
- गर्दीच्या वेळी एंगेज टोन.

फोन योग्य टेबलावर वाजतोय, पण आवाज एकाच बाजूने येतोय किंवा उचलल्यावर साधारण ३२ सेकंदांनी कट होतोय, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे डीआयडीने (डायरेक्ट इनवर्ड डायलिंग, म्हणजे डायरेक्ट नंबरच्या सोयीने) आपलं काम केलेलं असतं. दोष राउटर, फायरवॉल, नॅट या बाजूला शोधायचा.

खाली सांगितलेल्या तपासण्या मी त्याच क्रमाने करतो: फुकटच्या आधी, डोकं खाणाऱ्या नंतर. त्याआधी डीआयडी म्हणजे काय ते दोन परिच्छेदांत. हे डोक्यात बसलं की निम्मा शोध इथेच संपतो.

पूर्वी एक नंबर म्हणजे एक तार होती. डीआयडीत तसं नसतं. (काही देशांत यालाच डीडीआय म्हणतात, गोष्ट तीच.) प्रोव्हायडर तुम्हाला समजा १०० नंबरांचा गठ्ठा देतो आणि ते सगळे एकाच ट्रंकवर (त्याच्याकडून आपल्या पीबीएक्सपर्यंत येणाऱ्या सामाईक जोडणीवर) सोडतो. ट्रंक पीआरआय (डिजिटल टेलिफोन लाइन) असेल आणि ती ई-१ प्रकारच्या लाइनवर असेल तर तिच्यात बोलण्यासाठी ३० चॅनेल असतात, टी-१ प्रकारच्या लाइनवर असेल तर साधारणपणे २३. सिप ट्रंक (डेटा नेटवर्कवरून चालणारा) असेल तर करारात ठरले असतील तेवढे. एकही नंबर कुठल्या चॅनेलला बांधलेला नसतो. फोन येतो तेव्हा समोरचं एक्सचेंज आपल्या पीबीएक्सला निरोप देतं: ‘हा कॉल ४०१७ साठी आहे.’ पीबीएक्स आपल्या तक्त्यात ४०१७ शोधतो आणि समोर लिहिलेलं एक्सटेन्शन (ऑफिसातला आतला फोन) वाजवतो.

यात जादू काही नाही. एका बाजूने काही आकडे येतात, दुसऱ्या बाजूला एक तक्ता असतो. दोन्ही तंतोतंत जुळले तर फोन पोहोचतो. नाही जुळले तर पीबीएक्स कॉल तरी नाकारतो, नाहीतर ‘कुणाचा आहे कळत नाही, घ्या रिसेप्शनला’ म्हणून मोकळा होतो. आपला सगळा शोध या जुळणीचा आहे.

बाहेरून फोन करा आणि लिहून ठेवा

स्वतःच्या मोबाइलवरून तो नंबर लावा. ऑफिसातल्याच डेस्क फोनवरून पूर्ण नंबर फिरवून केलेली चाचणी चाचणीच नव्हे. पुष्कळ पीबीएक्स असा कॉल बाहेर जाऊच देत नाहीत, आतल्या आत वळवतात. मग ‘मी लावला तर लागतो की!’ असा वाद सुरू होतो. वेगवेगळ्या नेटवर्कचे दोन मोबाइल घ्या. नंबर सेव्ह केलेल्या नावावरून लावू नका, हाताने दाबा. कागदावर तीन गोष्टी टिपा: कुठून लावला, कुठला नंबर लावला, आणि सेकंदासकट वेळ. पुढे लॉगमध्ये (पीबीएक्स स्वतः ठेवतो त्या नोंदींमध्ये) तुमचा कॉल शेकडो कॉल्समधून शोधायचा असतो, तेव्हा हा कागद कामी येतो.

एकदा मी अर्धा दिवस लॉग चाळत बसलो होतो. तक्रारीतला एकही कॉल आमच्याकडे आलेलाच दिसेना. शेवटी साहेबांचं व्हिजिटिंग कार्ड मागवलं. शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, छापखान्यातली चूक. तेव्हापासून कार्ड आणि ईमेलखालची सही आधी बघतो.

एक्सटेन्शन जिवंत आहे का?

शेजारच्या टेबलावरून थेट एक्सटेन्शन लावा. वाजत नसेल तर डीआयडीच्या वाटेला जाऊच नका. फोन पीबीएक्सशी जोडला गेलेला (रजिस्टर) नसेल, डीएनडी (‘त्रास देऊ नका’ची सोय) चालू असेल किंवा फॉरवर्ड लावून कुणीतरी विसरलं असेल. डीएनडीचं बटण इतकं सहज दाबलं जातं की फायली ठेवतानाही लागतं.

ही तपासणी महत्त्वाची का? कारण एक्सटेन्शन बंद असलं की बरेच पीबीएक्स कॉल रिसेप्शनकडे वळवतात. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला लक्षण हुबेहूब तेच: माझ्या नंबरवर फोन केला, रिसेप्शनला वाजला. दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे आणि तिला एकही पासवर्ड लागत नाही. मोबाइल कानाला लावून बसा आणि रिसेप्शनचा फोन किती वेळाने वाजतो ते बघा. पहिल्याच रिंगला तिथे वाजला, तर दोन शक्यता: पीबीएक्सला तक्त्यात नंबर सापडला नाही, किंवा एक्सटेन्शन डीएनडीवर आहे, बंद आहे किंवा थेट फॉरवर्ड केलेलं आहे. तुम्हाला आधी १५-२० सेकंद रिंग ऐकू आली आणि मग रिसेप्शनला वाजला, तर जुळणी बरोबर झाली होती, कॉल योग्य एक्सटेन्शनकडे गेला होता, तिथे कुणी उचलला नाही. या दुसऱ्या प्रकारात राउट (कुठल्या नंबरचा कॉल कुठे जायचा ती नोंद) बदलणं म्हणजे दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

घड्याळ आणि नाइट मोड

ऑपरेटरच्या फोनवर नाइट सर्व्हिसचं, म्हणजे ऑफिस बंद असतानाची व्यवस्था चालू करणारं, बटण असतं. संध्याकाळी दाबतात, सकाळी काढायचं राहतं. काही ठिकाणी हे काम वेळेच्या नियमावर सोडलेलं असतं; मग पीबीएक्सचं स्वतःचं घड्याळ बघा. वीज गेल्यावर किंवा टाइम सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर ते भलत्याच तासावर गेलेलं आढळतं. ‘सकाळी अकरापर्यंत लागत नाही, नंतर लागतो’ असं कुणी म्हणालं की मी आधी घड्याळच बघतो. सुट्ट्यांची यादीही तपासा. मागच्या वर्षीची एखादी तारीख ‘दरवर्षी’ म्हणून राहून गेलेली असते.

एंगेज म्हणजे नेहमी एंगेज नव्हे

१०० नंबर आहेत म्हणून १०० जण एकदम बोलू शकतील असा समज फार आहे. ई-१ वर ३० कॉल चालू असतील तर ३१ व्याला जागाच नाही. नंबर कितीही निरोगी असो, तो एंगेज टोनच ऐकणार. यात एक छुपा खादाड आहे: मोबाइलवर फॉरवर्ड केलेला कॉल बहुधा दोन चॅनेल अडवतो, एक आत येणारा आणि एक पुन्हा बाहेर जाणारा. दहा जण घरून काम करायला लागले आणि त्यांनी फॉरवर्ड लावला की अचानक ‘लाइन कमी पडते’ अशी ओरड होते.

लॉगमध्ये दोन्ही एंगेज वेगळे दिसतात. पीआरआयवर कॉज (कॉल का लागला नाही ते सांगणारा कोड) १७ म्हणजे तो माणूस खरंच बोलतोय. ३४ म्हणजे चॅनेल शिल्लक नाही. सिपवर ४८६ म्हणजे पहिला प्रकार, ५०३ आला तर बहुधा दुसरा. पण चॅनेल भरल्यावर प्रोव्हायडरने कॉल त्याच्याकडेच अडवला तर तुमच्या लॉगमध्ये त्याचा मागमूसही नसतो. म्हणून त्या वेळी एकूण किती कॉल चालू होते ते मोजा.

तक्ता नीट वाचा

आता पीबीएक्समध्ये शिरायचं. शिरण्याआधी बॅकअप घ्या, हे सांगावं लागू नये, पण लागतं. रीस्टार्ट करू नका. चालू कॉल तुटतात आणि कधीकधी लॉगही पुसला जातो, म्हणजे पुरावाच गेला.

इनबाउंड राउटच्या यादीत, म्हणजे त्या तक्त्यात, तो नंबर आहे का? असेल तर आकडा-आकडा वाचा. यादी एक्सेलमधून आणलेली असेल तर तिथे सुरुवातीचं शून्य गायब झालेलं असतं. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि संख्येपुढच्या शून्याला किंमत देत नाही. ईमेलमधून कॉपी केलेला असेल तर शेवटी न दिसणारी जागा चिकटलेली असते. मी त्या चौकटीत क्लिक करून एंडचं बटण दाबतो. कर्सर शेवटच्या आकड्याला चिकटून थांबला तर ठीक. आकडा आणि कर्सर यांच्यात एक घर मोकळं दिसलं तर चोर सापडला. खोडून नंबर हाताने टाइप करायचा, पेस्ट नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पीबीएक्सला नाही.

‘कुठलाही नंबर’ असा सरसकट राउटही यादीत असतो. तो असावा, पण रिसेप्शनकडे जाणारा आणि सगळ्यात शेवटी. जे पीबीएक्स वरून खाली वाचत जातात, त्यांच्यात तो चुकून वर सरकला तर खालच्या सगळ्या नोंदी शोभेच्या.

येणारे आकडे डोळ्यांनी बघा

इथे घाई करू नका. तक्त्यात काय लिहिलंय ते पाहिलं. आता प्रोव्हायडर प्रत्यक्षात काय पाठवतोय ते बघायचं. माहितीपत्रकात काय लिहिलंय किंवा फोनवर त्यांनी काय सांगितलं ते नाही. लॉग.

सिप असेल तर डीबग लॉग काही मिनिटांपुरता चालू करा, मोबाइलवरून एक कॉल लावा, लॉग बंद करा. टिपलेल्या वेळेला आलेला ‘इन्व्हाइट’ (नवा कॉल आल्याचा निरोप) शोधा. पीआरआय असेल तर तसाच ‘सेटअप’ मेसेज आणि त्यातला ‘कॉल्ड पार्टी नंबर’. तोच नंबर तुम्हाला यांपैकी कुठल्याही वेशात दिसू शकतो: फक्त शेवटचे चार आकडे, पूर्ण राष्ट्रीय नंबर, त्याच्यापुढे शून्य, देशाचा कोड लावून, देशाच्या कोडापुढे अधिक चिन्हही. माणसाला हे सगळे एकच वाटतात. तक्त्याला ४०१७ आणि ०४०१७ हे दोन अनोळखी इसम आहेत.

‘काल रात्रीपर्यंत चालत होतं, आज सगळेच रिसेप्शनला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं. प्रोव्हायडरने रात्रीत यंत्रणा बदलली आणि कालपर्यंत चार आकडे पाठवणारा ट्रंक आज अधिक चिन्हासकट पूर्ण नंबर पाठवू लागला. तुमच्याकडे कुणी काहीही बदललेलं नसतं, म्हणून सगळे शपथेवर सांगतात की आम्ही हात लावला नाही. ते खरंच असतं.

दुरुस्ती करताना एक मोह टाळा. लोक प्रत्येक नंबराच्या चार-चार नोंदी करून ठेवतात: शून्यासह, शून्याशिवाय, अधिकसह, कोडसह. १०० नंबरांच्या ४०० नोंदी. सहा महिन्यांनी कुणी नोकरी सोडून गेलं की त्यातल्या तीन बदलल्या जातात आणि चौथी राहते. त्याऐवजी ट्रंकच्या दारातच आकडे एकसारखे करा: ‘जे येईल त्यातले शेवटचे इतके ठेव, बाकीचे काढ.’ जवळजवळ प्रत्येक पीबीएक्समध्ये ही सोय असते. दारात एक नियम, आत एक नोंद.

किती आकडे ठेवायचे ते मात्र विचार करून ठरवा. दोन वेगळ्या गठ्ठ्यांतले नंबर असतील आणि दोन्हींत ४०१७ वर संपणारा नंबर असेल, तर शेवटचे चार ठेवल्यावर दोघांचे फोन एकाच टेबलावर वाजतील. ‘भलत्याच टेबलावर वाजतो’ या लक्षणामागे मला हे बऱ्याच वेळा सापडलं आहे. नवा गठ्ठा घेतला की हा गोंधळ हमखास होतो.

पाकिटावरचा पत्ता आणि आतला मायना

हे फक्त सिपवाल्यांसाठी. इन्व्हाइटमध्ये नंबर दोन ठिकाणी असतो. पहिल्या ओळीत, म्हणजे रिक्वेस्ट यूआरआयमध्ये; आणि खाली ‘टू’ हेडरमध्ये. पहिला म्हणजे पाकिटावरचा पत्ता, दुसरा पत्राचा मायना. पुष्कळ पीबीएक्स पाकीट बघून कॉल वाटतात आणि मायना वाचत नाहीत.

युजरनेम-पासवर्डने रजिस्टर होणाऱ्या ट्रंकवर गडबड अशी होते: प्रोव्हायडर प्रत्येक कॉलच्या पाकिटावर तुमचं रजिस्टर झालेलं युजरनेमच लिहितो, मग फोन कुठल्याही डीआयडीला आलेला असो. खरा नंबर फक्त मायन्यात असतो. पीबीएक्सला सगळे कॉल एकाच नंबरावर आलेले दिसतात आणि तो ते सगळे एकाच जागी पाठवतो. लॉगमध्ये वेगवेगळ्या डीआयडींच्या दोन कॉल्सची पहिली ओळ शब्दशः सारखी आणि टू हेडर वेगळे दिसले, की निदान झालं. पीबीएक्सला मायना वाचायला सांगायचं. फ्रीपीबीएक्स या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘टू-हेडर’ने संपणारा तयार कॉन्टेक्स्ट (कॉल हाताळण्याच्या नियमांचा संच) आहे, इतरांत ट्रंकच्या सेटिंगमध्ये ‘डीआयडी कुठून घ्यायचा’ असा पर्याय शोधा.

कधी लागतो, कधी नाही

यात लोक सर्वांत जास्त दिवस घालवतात, कारण चाचणी केली की नेमका लागतो. पाच चांगले कॉल आणि पाच बिघडलेले कॉल लॉगमधून काढा आणि फक्त एक गोष्ट ताडून बघा: ते कुठल्या आयपी पत्त्यावरून आले. प्रोव्हायडर बहुधा एकापेक्षा जास्त सर्व्हरवरून कॉल पाठवतो. त्यांतला एक तुमच्या ट्रंकच्या यादीत नसेल तर त्याच्याकडून येणारा कॉल पीबीएक्सला परका वाटतो. तो नाकारला जातो किंवा अनोळखी पाहुण्यांच्या रांगेत ढकलला जातो. इलाज: प्रोव्हायडरकडून सगळ्या पत्त्यांची यादी लेखी मागवा आणि तेवढेच पत्ते घाला.

‘अनोळखी कॉल स्वीकारा’ हे सेटिंग चालू केलं की सगळं क्षणात चालू लागतं, हे मलाही माहीत आहे. करू नका. ते दार जगातल्या प्रत्येकासाठी उघडतं, आणि इंटरनेटवर उघडे पीबीएक्स शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात.

पीआरआयवरचा ‘कधी-कधी’ वेगळा. तिथे आकडे एकदम येण्याऐवजी एकेक करून येण्याची पद्धतही असते, ओव्हरलॅप म्हणतात तिला. पीबीएक्सने दोनच आकडे ऐकून निर्णय घेतला तर ४०१७ चा फोन ४० च्या नोंदीवर जातो. ट्रंक कुठल्या पद्धतीचा आहे ते प्रोव्हायडरला विचारा आणि आपल्याकडे तेच ठेवा.

इथे थांबा

लॉग चालू ठेवून चार-पाच कॉल लावले आणि एकही इन्व्हाइट किंवा सेटअप दिसला नाही, तर कॉल तुमच्या दारापर्यंत आलाच नाही. आधी तो तुमच्या स्वतःच्या फायरवॉलनेच अडवला नाही ना ते बघा. नसेल तर पीबीएक्समध्ये काहीही बदलू नका. तिथे दोष नाही. एका नेटवर्कवरून लागतो आणि दुसऱ्यावरून नाही, विशेषतः नंबर नुकताच दुसऱ्या प्रोव्हायडरकडे पोर्ट केला असेल, तर त्या दुसऱ्या नेटवर्कचं राउटिंग अजून जुन्याच पत्त्यावर असण्याची शक्यता मोठी. ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. प्रोव्हायडरकडे तक्रार द्या, आणि ‘फोन लागत नाही’ असं लिहू नका. पहिल्या तपासणीचा कागद द्या: या नेटवर्कच्या मोबाइलवरून, या नंबरला, या तारखेला, या सेकंदाला लावला, हे रेकॉर्डिंग ऐकू आलं, आमच्या ट्रंकवर काही आलं नाही. असे तीन कॉल दिले की पहिल्या फळीतला माणूस तुम्हाला ‘मोडेम बंद करून चालू करा’ सांगू शकत नाही.

पीआरआयच्या कार्डावर लाल दिवा असेल, किंवा क्लॉक, फ्रेमिंग, लाइन कोडिंग असे शब्द बदलायची वेळ आली, तर ट्रंक बसवणाऱ्याला बोलवा. तिथली एक चूक सगळेच्या सगळे चॅनेल पाडते. लिफ्टमधला फोन, आगीची सूचना देणारी यंत्रणा किंवा आणीबाणीच्या कॉलसाठी ठरवलेला नंबर त्याच गठ्ठ्यात असेल तेव्हाही स्वतः आकडे कापण्याचा नियम लावू नका. कुठला कॉल कुठून जातो हे ठाऊक असलेला माणूस सोबत हवा.

आणि लॉग चाळताना रात्री दोन-तीनच्या सुमाराला, ऑफिसात कुणीही नसताना, अनोळखी परदेशी नंबरांवर गेलेले कॉल दिसले (कुणीतरी पीबीएक्समध्ये घुसल्याची ही खूण) तर डीआयडीचं काम तिथेच सोडा. आधी आंतरराष्ट्रीय आउटगोइंग बंद करा, प्रोव्हायडरला फोन करून त्यांच्या बाजूनेही बंद करायला सांगा, लॉगची प्रत काढून ठेवा आणि पीबीएक्स सांभाळणाऱ्याला त्याच वेळी उठवा. साहेबांचा डायरेक्ट नंबर उद्या बघता येईल.